नऊ बसले, दहा उतरले

पत्रू चौधरी यांच्या रेल्वेत त्या रविवारी नऊ माणसं बसली आणि दहा उतरली.

रेल्वे म्हणजे आपण म्हणतो ती नव्हे. मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला टेकून असलेल्या त्यांच्या आमराईत वीतभर अंतराचे दोन रूळ, त्यांवर गुडघ्याएवढं इंजिन आणि मागे तीन लाकडी डबे, एवढाच तो संसार. डब्यात बसायचं म्हणजे फळीवर दोन्हीकडे पाय सोडून, पुढच्याच्या पाठीकडे बघत बसायचं. इंजिनात ई-रिक्षाची मोटर होती, तिचा आवाज नसे. शिट्टीला वनखात्याची मनाई, म्हणून देवघरातली एक जुनी घंटा टांगलेली. आंब्याखालून निघालेली गाडी बांबूच्या बेटात शिरली की एकदम नाहीशी होई. आत मोहाच्या झाडाला वळसा घालून दहा मिनिटांनी ती विहिरीपाशी बाहेर येई. त्या दहा मिनिटांत आमराईत पानसुद्धा वाजत नसे.

"मामा," विहिरीपाशी उतरलेली माणसं मोजून प्रणित म्हणाला, "मामीनं किती सांगतले होते?"

"नऊ."

"मंग हे दहा कसे?"

पत्रूभाऊ इंजिनावर ताठ बसून समोर बघत होते. नियम सतरा: प्रवासी गाडीत असेपर्यंत चालकाने मागे वळून पाहू नये. "सगळे उतरले का?" त्यांनी विचारलं. "हाव" असं ऐकल्यावरच ते वळले आणि त्यांनी स्वतः बोट नाचवत मोजलं. दहा. पुन्हा उलटीकडून मोजलं. उलटीकडूनही दहाच.

पत्रूभाऊ कोळशाच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपावर पस्तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. यांच्या घरी ते खातं बायकोकडे, सुगंधाबाईंकडे, आधीपासूनच भरलेलं होतं, म्हणून हे रेल्वेला लागले. सहा वर्षं खपून एकेक रूळ त्यांनी हातानं वाकवला. गाडी तयार झाली तेव्हा कळलं, की माणसं बसवायची तर परवानगी लागते. ती कोणाची, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. एका कचेरीत म्हणाले, चाकाला टायर नाही, आमच्यात बसत नाही. दुसरीत म्हणाले, रूळ फारच जवळजवळ आहेत, आमच्यात तर मुळीच बसत नाही. शेवटी झोपाळे, बोटी आणि दोरीवरचे खेळ तपासणारी जिल्ह्याची एक समिती निघाली. तिनं कळवलं, की चैत्र संपायच्या आत सुरक्षेचे नियम आणि चाचणी फेऱ्यांची नोंदवही दाखवून प्रमाणपत्र घ्या, नाहीतर रूळ उचला.

नियम आणायचे कुठून? असल्या छोट्या गाड्या हौसेनं चालवणाऱ्यांची दूर कुठेतरी एक मंडळी आहे, तिची इंग्रजी पुस्तिका प्रणितनं मिळवली. प्रणित म्हणजे पत्रूभाऊंच्या बहिणीचा मुलगा, मोहर्लीच्या गेटवर सफारीचा गाइड. त्यानं पुस्तिका मोबाइलला दाखवली आणि मोबाइलनं ती एका दमात मराठी करून दिली. एकूण एक्केचाळीस नियम.

"नियम सहा," पत्रूभाऊंनी ओट्यावर बसून वाचलं होतं, "रुळांखाली दर दोन फुटांवर एक झोपणारा असावा. झोपणारे कुजल्यास बदलावेत."

"बापा," सुगंधाबाई वाती वळता वळता हळूच म्हणाल्या होत्या.

झोपणारे म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, हे पत्रूभाऊंनी दोन दिवसांत शोधून काढलं. नियम बाराचा उलगडा मात्र झाला नाही. त्यात लिहिलं होतं, की इंजिनाला मृत माणसाचे हँडल असणे बंधनकारक आहे, त्याशिवाय प्रवासी बसवू नयेत.

आता नियम म्हणजे नियम. खाणीत त्यांनी याहून विचित्र नियम पाळले होते आणि ते पाळले म्हणूनच आज ओट्यावर बसले होते. त्यांनी शेजारच्या वारलूला विचारलं. वारलू मडावीचं घर आमराईच्या कुंपणापलीकडे. मोहफुलं वेचण्यापासून ते मधाचं पोळं काढण्यापर्यंत जंगलातलं जे काही असेल ते त्याच्याकडे मिळे.

"मेलेल्या माणसाचा दांडा?" वारलूनं डोकं खाजवलं. "जित्या माणसाचा चालत नाई का?"

"लिहून तसंच हाये."

"मंग माह्या आज्याचा हाये ना एक. लालसूआज्याचा. ट्रॉलीच्या ब्रेकचा दांडा हाये तो, पत्रूभाऊ. तुमच्याच कामाचा."

तो दांडा सागाचा होता, हाताच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला. पत्रूभाऊंनी तो इंजिनावर दोन बोल्ट मारून बसवला. सुगंधाबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. सुटा भाग पुरवणाऱ्याची सही लागते, म्हणून वारलूनं कागदावर आपलं नाव लिहिलं आणि खाली लांबलचक रेघ ओढली. म्हातारपणी वर्गात बसून तो सही शिकला होता. "अंगठ्याचे दिवस गेले, भाऊ," तो म्हणाला. "आता तं घरी भिंतीवर बी सही करतो मी. घरवाली सुकरी भांडते."

आणि गाडी सुरू झाल्याच्या पहिल्याच रविवारी नऊचे दहा झाले.

नियम तेवीस मोबाइलनं अगदी स्वच्छ मराठीत दिला होता. बसणारे आणि उतरणारे दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या ठिकाणी मोजावेत, वहीत आपापल्या आकड्यापुढे सही किंवा अंगठा करावा, आणि आकडे जुळले नाहीत तर तफावतीचा अर्ज भरावा. तीन वेळा तफावत आली तर तपासणी होईपर्यंत मार्ग बंद. आंब्याखाली सुगंधाबाई मोजत, विहिरीपाशी प्रणित. मध्ये बांबूचं बेट, त्यामुळे इकडचं तिकडे दिसायची सोय नव्हती.

रविवारचे दहाही जण गावचेच होते. प्रणितनं एकेकाला विचारलं.

"मी तं आंब्यापासूनच बसलो," पहिला म्हणाला.

"मी बी."

"मी तुह्याच पुढं होती ना," केसरबाई म्हणाल्या.

दहाही जण आंब्यापासूनच बसलेले निघाले. मग जो तो शेजारच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागला. कारण नऊच बसले होते हे नक्की. सुगंधाबाई चुकणं शक्यच नव्हतं. गावात कोणाचंही धान मोजायचं असलं की पायली त्यांच्याच हातात देत. त्या ओठांतल्या ओठांत मोजत, आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

"म्हनजे आपल्यातला एक जन," केसरबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पुढे उभ्या असलेल्या आपल्या सख्ख्या दिराची पावलं पाहिली. पावलं सरळच होती. दिरानं केसरबाईंची पाहिली. पाच मिनिटांत सगळी माणसं खाली मान घालून एकमेकांचे पाय तपासत होती, आणि ज्याच्या पायात बूट होते त्याला ते काढायला लावलं. घरी जातानाही कोणी कोणाला पाठ दाखवायला तयार नव्हतं, त्यामुळे ती दहा माणसं खेकड्यासारखी तिरपी चालत गेली.

संध्याकाळी वारलूनं गोष्ट सांगितली. सांगायला नको होती, पण विचारल्यावर तो खोटं कशाला बोलेल?

"तुमच्या रुळाखालची जी मातीची पाळ हाये ना, ते जुनी ट्रॉलीलाइन व्हय. माह्या आज्याच्या वख्ताची. माणसं ढकलत लाकडं आणत. आजा मुकादम. सांजी डेपोत माणसं मोजाची आनि वहीवर अंगठा माराचा, हे त्याचं काम. एक दिवस एक माणूस कमी भरला. पुन्हा मोजले, तरी कमी. आजा म्हने, मी पाहून येतो. मोहापर्यंत गेलेला लोकायनं पाह्यला."

"मंग?"

"मंग काई नाई. दांडा सापडला."

पत्रूभाऊंनी इंजिनाकडे पाहिलं. दांड्यावरचं कुंकू मावळतीच्या उजेडात ओलं दिसत होतं.

"तेव्हा एक कमी उतरला," वारलू विचार करत म्हणाला, "आनि आता एक जास्त उतरून राह्यला. हिशेब तं जुळते, भाऊ."

हे अर्जात लिहिता येण्यासारखं नव्हतं. तफावतीच्या अर्जात 'कारण' या शब्दापुढे बोटभरच जागा होती. पत्रूभाऊंनी 'शोध चालू' असं लिहिलं. पण त्याच्या खालच्या ओळीनं त्यांना झोप येऊ दिली नाही. जादा प्रवासी आढळल्यास त्याच्याकडून हमीपत्र भरून घ्यावे, की तो स्वतःच्या जबाबदारीवर बसला आहे. सही किंवा अंगठा.

"त्याले कुठी पकडू मी आता सहीले?" ते सुगंधाबाईंना म्हणाले.

"मान देऊन बोलवा," सुगंधाबाई म्हणाल्या. "बिचारा किती वर्षांचा उभा हाये तिथी."

गुरुवारी गाडीच्या शेवटच्या जागेवर त्यांनी एक सुपारी आणि ओंजळभर मोहफुलं ठेवली, हमीपत्र ठेवलं, ते उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला आणि पेनसुद्धा ठेवलं. त्या दिवशी प्रणितच्या ओळखीचे जिप्सीचालक बसायला आले होते. सुगंधाबाईंनी ओठ हलवत बोटाची पेरं मोजली आणि सांगितलं, "सहा." गाडी बांबूत शिरली. आत ऊन पोचत नव्हतं. मोहाच्या वळणावर गाडी नेहमीच मंदावे, तशी मंदावली, आणि घंटा एकदाच, अगदी हळू वाजली. पत्रूभाऊंनी घंटेला हात लावला नव्हता. त्यांनी मागे पाहिलं नाही. नियम नसता तरी पाहिलं नसतं.

विहिरीपाशी सात उतरले. सुपारी नव्हती, फुलं नव्हती. हमीपत्र कोरं होतं आणि पेन जिप्सीचालकांपैकी कोणीतरी नेलं होतं.

"मामा, ही शेवटची फळी पाहा," प्रणित म्हणाला. "गरम लागून राह्यली."

"चैतात फळी गरमच राह्यते."

"रिकामी जागा होती, मामा. बाकीच्या फळ्या थंड्या हाये."

पत्रूभाऊंनी फळीला हात लावला आणि मग तो बराच वेळ धोतराला पुसला.

सोमवारी तिसरी आणि शेवटची संधी. नेमकं सोमवारी सुगंधाबाईंचं मौन असे. सकाळी अंघोळ झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या शब्द बोलत नसत, देवापुढून उठत नसत. बावीस वर्षांचा नेम, तो रेल्वेसाठी कसा मोडणार? म्हणून पत्रूभाऊंनी आदल्या दिवशीच प्रणितला सांगून ठेवलं, "वारलूले म्हन, उद्या आंब्याखाली तू मोज."

रिसॉर्टची पाहुणेमंडळी भर दुपारी बारा वाजता आली. पत्रूभाऊ इंजिनावर बसून समोर बघत होते. सगळीकडे ऊन नुसतं उभं होतं, एक पाखरू बोलत नव्हतं. मागे माणसं बसल्याचा आवाज झाला, आणि मग मोजणी ऐकू आली. "उंदी, रंड, मूंद, नालूंग..."

वारलू गोंडीत मोजतोय, पाहुण्यांपुढे शान दाखवतोय, असं वाटून पत्रूभाऊंना जरा हसूही आलं. त्याचा आवाज घोगरा येत होता. ऊन लागलं असेल.

"नऊ," मागून आवाज आला.

विहिरीपाशी दहा उतरले.

"मामा, दहा," प्रणितचं तोंड उतरलं होतं. "शेवटचा एक म्हातारा होता, बिना चपलेचा. रिसॉर्टचा माळी असन. उतरला तं मोहाकडंच चालला गेला."

पत्रूभाऊंनी ते नीट ऐकलंही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे सहा वर्षांचे रूळ एकेक करून उचलले जात होते.

बुधवारी समितीच्या रीता कोडापे मॅडम आल्या. जीपमध्ये मागे साखळी आणि लाखेचं सामान होतं, ते पत्रूभाऊंना आधी दिसलं आणि मॅडम नंतर. मॅडम बुटक्या, चष्मेवाल्या आणि घाई नसलेल्या होत्या. त्यांनी तिन्ही तफावतीचे अर्ज वाचले. "शोध चालू," त्यांनी पहिल्यावरचं कारण वाचलं. "शोध चालू," दुसऱ्यावरचं. तिसऱ्यावर पत्रूभाऊंनी लिहिलं होतं, 'शोध घेण्यास कोणी तयार नाही.'

"माझ्यासमोर एक फेरी करा," त्या म्हणाल्या. "मी बसते."

बसायला गावातलं कोणी पुढे येईना. शेवटी केसरबाई आल्या, कारण मॅडमच्या पुढे बसायला मिळणार होतं. मग त्यांचा दीर आला, मॅडमचा ड्रायव्हर आला, असे एकूण आठ जण झाले. सगळ्यांनी आधी आपले पाय एकमेकांना दाखवले. मॅडमना वाटलं, ही इथली नमस्काराची पद्धत असेल. त्यांनीही सँडल पुढे केली.

"आता मोजा," त्या सुगंधाबाईंना म्हणाल्या. "पण मोठ्यानं, बाई. मनात मोजलेलं वहीला ऐकू येत नाही."

सुगंधाबाई संकोचल्या. त्यांचा आवाज मुळातच देवघरापुरता. त्यांनी केसरबाईंच्या खांद्याला बोट लावलं.

"लाभ," त्या म्हणाल्या. मग पुढे सरकल्या. "एक. दोन. तीन..." असं करत शेवटच्या माणसापाशी आल्या. "सात. सात बसले."

गाडीत आठ जण होते.

"लाभ कोन?" पत्रूभाऊंनी समोर बघतच विचारलं.

"पहिला."

"पहिला तं एक असते ना?"

"अजी, पहिलं माप देवाचं असते. ते मोजाचं नसते. लाभ म्हनाचं, बाजूले ठेवाचं आनि मंग एक." सुगंधाबाईंना आपण काय चुकलो ते कळेना. "माह्या माहेरी तसंच मोजत. इथी बी मी धान तसंच मोजतो."

"अवं, धान वेगळं आनि माणसं वेगळी."

"नियमात कुठी लिहून होतं तसं?"

नियमात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक्केचाळीसपैकी एकाही नियमात एक कुठून सुरू होतो हे दिलेलं नव्हतं.

"म्हनजे त्या रविवारी मी देवाच्या वाट्याले होती का?" केसरबाई म्हणाल्या. त्यांना एकदम बरं वाटलं. "मी पहिलीच बसली होती ना. अन् हे मेले माहे पाय पाह्यत होते."

मग जे हसू फुटलं ते आठवडाभराचं साठलेलं होतं. दीर हसला, ड्रायव्हर हसला, प्रणित विहिरीपासून धावत आला आणि कारण न कळताच हसला. पत्रूभाऊ समोर बघत हसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी पहिल्या दोन अर्जांवर लिहिलं, 'मोजणीची पद्धत स्थानिक. समज देण्यात आली.'

"आणि हे काय आहे?" गाडी निघाली तेव्हा मॅडमनी दांड्याकडे बोट केलं.

"मृत माणसाचं हँडल, मॅडम. नियम बारा. वारलूच्या आज्याचं हाये. खातरीचा मेलेला माणूस."

मॅडमनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाल्या, "भाऊ, त्याचा अर्थ असा, की गाडी चालवताना चालकाला काही झालं, हात सुटला, तर गाडी आपोआप थांबली पाहिजे. त्या दांड्याला तसं नाव आहे. मेलेल्या माणसाकडून आणायचा नसतो तो."

मागे पुन्हा हसू उसळलं. बांबूच्या बेटात इतका आवाज कधी झाला नव्हता. पत्रूभाऊंचे कान लाल झाले.

"बघू, सोडा हात," मॅडम म्हणाल्या.

आता मात्र पत्रूभाऊंनी दांडा आणखीच घट्ट धरला. दांड्याला ना तार होती ना स्प्रिंग. दोन बोल्ट होते, बस्स. मोटरची खुंटी वेगळी होती आणि ती जिथे ठेवावी तिथेच राही. हात सोडला तर गाडी जशी चालली होती तशीच चालत राहणार आणि समिती तिथल्या तिथे साखळी घालणार. पण नाही कसं म्हणायचं? त्यांनी डोळे मिटले आणि हात सोडला.

गाडी हळूच थांबली. धक्का नाही, आवाज नाही. एखाद्यानं अलगद ब्रेक ओढावा तशी, बरोबर मोहाच्या झाडाखाली.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

पत्रूभाऊंनी डोळे उघडले. दांडा मागे ओढलेला होता. वरून एक मोहफूल टपकन त्यांच्या हातावर पडलं. त्यांनी दांडा धरला, तो थोडा कोमट होता, आणि गाडी पुन्हा चालू लागली.

विहिरीपाशी आठ बसलेले आठच उतरले. मॅडमनी वही मांडीवर घेतली. पानं उलटता उलटता त्या एका ओळीवर थांबल्या. "सोमवारी आकडा लिहिलेला नाही. नऊ उभ्या रेघा आहेत. आणि सहीच्या जागी अंगठा. कोणाचा आहे?"

"वारलूचा," पत्रूभाऊ म्हणाले. "त्या दिवशी बाईचं मौन होतं. वारलूनं मोजले. त्याले बी बाईसारखंच लाभ म्हनाची सवय असन."

"अंगठा चालतो. नियमात दोन्ही आहे." मॅडमनी तिसऱ्या अर्जावरही तेच लिहिलं, प्रमाणपत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि साखळी जीपमध्ये तशीच ठेवून निघून गेल्या.

पत्रूभाऊंनी प्रमाणपत्र देवापुढे ठेवलं. सुगंधाबाईंनी साखर वाटली. ऊन उतरायला लागलं होतं. तेवढ्यात वारलू कुंपणावरून आला, खांद्यावर पिशवी, अंगावर धूळ.

"झाली का पास?"

"झाली. तू कुठी लपला होता सकाळपासून? आनि तुह्या सहीले काय झालं? सोमवारी अंगठा काऊन मारला?"

"कोन, मी?" वारलूनं पिशवी खाली ठेवली. "मी तं ह्या रविवारी संध्याकाळीच पोरीकडं गेलो सिंदेवाहीले. आत्ता येऊन राह्यलो. सोमवारी बाईचं मौन राह्यते, तं गाडी बंद असन असं वाटलं मले."

पत्रूभाऊंनी प्रणितकडे पाहिलं.

"मामा," प्रणित म्हणाला, "वारलूभाऊले सांगाचं राहून गेलं माह्याकडून." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तो म्हातारा. बिना चपलेचा."

वही उघडीच होती. वारलूनं वाकून अंगठ्याचा ठसा पाहिला. तो शाईचा नव्हता. काळपट होता, जुन्या लाकडावर घामानं डाग पडतो तसा. त्यानं वास घेतला आणि पाहत राहिला.

"मोजून बराबर नऊ सांगतले त्यानं," सुगंधाबाई हळू म्हणाल्या. "आनि दहावा सोता बसला. सोताले मोजलंच नाई."

"बाई," वारलू म्हणाला. त्यानं ठशावर बोट टेकवलं. मग तो म्हणाला, "म्हनजे तेव्हा बी कोनी कमी नव्हतं. सगळे आले होते. आजाच सोताले मोजाचा राह्यला होता."

जंगलातून मोहाचा गोड, जड वास येत होता.

गाडी मात्र विहिरीपाशीच उभी होती आणि शेड होती मोहाच्या पलीकडे. नियम तेहेतीस: गाडी रात्री उघड्यावर ठेवू नये, आणि रिकाम्या फेरीचीही नोंद करावी. प्रणितला अचानक घरचं काम आठवलं. पत्रूभाऊंनी बसलेल्यांच्या रकान्यात स्वतःच 'शून्य' लिहिलं, सही केली, आणि वही सुगंधाबाईंच्या हातात दिली, कारण उतरणारे मोजणारं माणूस वेगळं हवं. सुगंधाबाई तुळशीपुढचा दिवा घेऊन पायवाटेनं शेडकडे गेल्या.

पत्रूभाऊ इंजिनावर बसले. समोर बघत त्यांनी खुंटी फिरवली. बांबूच्या आत सांज आधीच उतरली होती. मोहापाशी गाडी मंदावली, आणि शेवटच्या डब्याच्या फळीनं, कोणी सांभाळून बसावं तसा, थोडा आवाज केला. घंटा एकदा वाजली. पत्रूभाऊंनी ओठ मिटले आणि नियम सतरा मनात म्हटला, देवाचं नाव घ्यावं तसा, तीन वेळा.

शेडपाशी दिव्याचा उजेड दिसला. त्यांनी हात सोडला. गाडी अलगद थांबली.

"सगळे उतरले का?" त्यांनी समोर बघूनच विचारलं.

सुगंधाबाई गाडीच्या मागच्या टोकाकडे बघत होत्या. त्यांनी दिवा जरा खाली धरला, पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, वडीलधारं कोणी समोर आलं की घेत तसा, आणि वाट सोडून बाजूला झाल्या. सुकलेल्या पानांवर पावलं वाजली आणि वारलूच्या घराच्या दिशेनं लांब गेली.

मग त्यांनी वही गुडघ्यावर टेकवली आणि उतरलेल्यांच्या रकान्यात, आपल्या सुबक अक्षरात, लिहिलं: लाभ.